दारापासून चार पावलं आत

४ एप्रिल

चि. दादूस आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, माफ कर. तुझं कार्ड आलं तेव्हा थंडी होती, आता पंख्याशिवाय बसवत नाही. कार्डावर एकच वाक्य होतं, 'ठकी कशी आहे?' एवढ्याशा वाक्याला उत्तर द्यायला इतके महिने कसे लागले, असं तुला वाटेल. लिहायला बसलो की गॅस बंद केला का ते बघायला उठायचो. परत बसलो की दाराची कडी आठवायची. मग कार्डावरचा पत्ता खरा आहे का, याची काळजी. 'खाण वसाहत, खोली सतरा' हा काय पत्ता झाला? हे पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं, तर त्याने कृपा करून न वाचता खोली सतरामध्ये द्यावं.

ठकी बरी आहे. तिला सतरा वर्षं पूर्ण झाली. उंचीला तुझ्यावर गेली आहे, बोलायला तिच्या आईवर. ओठाला थोडं लागलंय, दार लागलं. भरून येईल.

लिहायचं कारण वेगळंच आहे. तू उभ्याने वाचत असशील तर खाली बस.

शाळा संपल्यापासून ठकी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मदतनीस आहे. पडदे ओढायचे, वजन घ्यायचं, आजाऱ्याला धरून खाटेवर चढवायचं, महिन्याला आठ हजार. आता तिला वैद्यकीय सहायकाची पदवी करायची आहे. हो, सहायकाचीच. जगात शंभर कामं आहेत, पण पोरीने बोट ठेवलं ते यावरच. मी तिला म्हटलं, शिवणकाम शीक, हिशेबनीस हो, बँकेत चिकट. ती म्हणते, "आबा, मला माणसं आवडतात." मी म्हटलं, "बँकेत काय म्हशी येतात?"

मग मी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. एक छोटा अभ्यासक्रम आहे, दहा महिन्यांचा, साठ हजारांचा. तो केला की चौदा हजार पगार. पदवी तीन वर्षांची. फी, कपडे, पुस्तकं, बसचं भाडं धरून चार लाख. पण पगार बावीस हजारांनी सुरू होतो. म्हणजे वरचे तीन लाख चाळीस हजार महिन्याला आठ हजारांनी साडेतीन वर्षांत फिटतात. मी खूश झालो, कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने बघितलं आणि म्हणाली, "आबा, ती तीन वर्षं मी हवा खाऊन राहणार का? छोट्या कोर्सवाली तोवर कमवत असेल ना? तिची कमाई कुठे धरली?" पेन घेतलं आणि माझे साडेतीनचे सात केले. सात वर्षं! म्हणजे ही सत्तावीस वर्षांची होईल तेव्हा कुठे छोट्या कोर्सवालीच्या बरोबरीला येईल. मी म्हटलं, मग छोटाच कर. ती म्हणाली, "हिशेब तुमचा चुकला म्हणून माझा विचार चुकला असं नाही." मी पाचवी शिकलेला, कागदाची घडी करून खिशात घातली.

पैसे मी मागत नाही. वखारीत करवतीने माझी दोन बोटं नेली, त्याची भरपाई बँकेत ठेवीत आहे. ती वाढून दोन लाख नव्वद झाली आहे. बोटं परत येणार नाहीत, पोरगी तरी उभी राहील. उरलेल्यातलं तुला काही जमलं तर बघ, नाही तर राहू दे.

अडचण सहीची आहे. ती सज्ञान नाही. पदवी देणाऱ्या संस्थेचा नियम असा की विद्यार्थी तातडीच्या विभागात काम करणार, तिथे मारहाण होते, म्हणून आई किंवा वडील यांची हाताने लिहिलेली संमती लागते. आजोबांची चालते, पण आईवडील दोघंही हयात नसले तरच.

ठकीची आई गेली त्या दिवशी जे झालं त्यावर मी काही लिहीत नाही. इस्पितळातल्या त्या सहायकाला तू मारलंस, त्याची तीन वर्षं आत काढलीस, सुटलास तो घरी न येता परस्पर खाणीवर गेलास. ते सगळं आहेच. मी एवढंच म्हणतो की दोन ओळींची संमती पाठव. तुझ्या मुलीने तेच काम निवडलं, हा तुझ्यावरचा टोमणा नाही. निदान मला तरी तसं वाटत नाही.

आबा

२३ एप्रिल

चि. दादूस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं नसेल, किंवा मिळून फाडलं असेल. फाडलं असलंस तर हे तरी फाडू नकोस, यात जास्त आहे.

आधी एक खरं सांगतो. ठकीच्या ओठाला दार लागलं नव्हतं. एका आजाऱ्याच्या भावाने तिला थोबाडीत मारली. त्याचा नंबर मागे गेला म्हणून. खालचा ओठ दातावर फुटला. ती घरी आली तेव्हा ओढणी तोंडाशी धरलेली होती आणि मला म्हणाली, "आबा, आज मी पान खाऊन आले." मी हसलो, मग ओढणी बघितली.

त्या दिवसापासून मी दवाखान्यात जाऊन बसतो. बाहेरच्या बाकावर, काठी घेऊन. ठकी चिडते. म्हणते, "लोक तुम्हाला पेशंट समजून नंबर विचारतात." विचारू देत. बसल्या बसल्या मी चौकशी केली. तिथे एक पदवीवाल्या सहायक आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांना मी विचारलं की पदवी घेऊन नेमका फरक काय पडतो?

बाई म्हणाल्या, "पगार पडतो."

"तो कळला. आणखी?"

"आजोबा, हे जाळीचं दार बघा. आठ हजारवाली दाराबाहेर. चौदा हजारवाली दारात. मी आत, खाटेपाशी. लोक चवताळले की आधी कोण हाताला लागतं?"

"म्हणजे तुम्हाला मारत नाहीत?"

"मला मारायला आधी दोघींना ओलांडून यावं लागतं. तोवर मी एक्स-रेच्या खोलीत."

शेजारी चौदा हजारवाली उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, वरच्यांना सांगा ना, मार खाण्याचा भत्ता सुरू करा. थोबाडीचे दोनशे, लाथेचे पाचशे. मी घर बांधीन." सगळ्या हसल्या. ठकीही हसली, आणि तिचा ओठ परत फुटला.

दादू, तिथे माझा हिशेब बदलला. मी सात वर्षं सात वर्षं करत होतो. पण सात वर्षांत काय विकत मिळतं ते बघितलंच नव्हतं. दारापासून चार पावलं आत, हे मिळतं. त्या चार पावलांना चार लाख जास्त नाहीत. मी दुसऱ्याच दिवशी स्वच्छ सदरा घालून संस्थेत गेलो.

आता पुढचं लिहायला हात जड झालाय. चहा करून घेतो.

घेतला. संस्थेच्या कचेरीतला कारकून म्हणाला, प्रवेशाचं मास्तर बघतात, आत जा. मी आत गेलो. टेबलामागे एक गृहस्थ बसले होते. पन्नाशीचे, चष्मा, तोंड एका बाजूला ओढलेलं. खालचा जबडा डावीकडे सरकलेला, बोलताना एखादा शब्द घसरायचा. त्यांनी "बसा" म्हटलं आणि मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. तोच माणूस. तू मोडलास तो जबडा. कोर्टात मी त्याला बघितलं तेव्हा त्याचं तोंड पट्ट्यांनी बांधलेलं होतं. आता तो हे काम शिकवतो.

मला वाटलं परत फिरावं. पण त्यांनी विचारलं, "मुलगी कोण तुमची?"

"नात."

"मग आईवडील?"

"आई लहानपणीच गेली."

"आणि वडील?"

दादू, मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी नाव विचारलं असतं. आडनावावरून ओळखलं नसतं, तरी नावावरून ओळखलंच असतं. ज्याचं तोंड आपण मोडलं त्याच्या दारी आपली पोरगी शिकायला पाठवायची, आणि वर तुझी लेखी संमती त्याच्याच टेबलावर ठेवायची! तिचं नाव त्यांनी तिथल्या तिथे खोडलं असतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "तोही गेला."

"कशाने?"

"खाणीत. दरड कोसळली."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग म्हणाले, "मग तुमची सही चालेल. दाखला आणा. शिवाय अनाथ मुलीला निम्मी फी माफ आहे."

निम्मी फी म्हटल्यावर माझ्या मनात क्षणभर सातची साडेतीन वर्षं झाली, हेही लपवत नाही. मी मान डोलावली आणि बाहेर आलो.  बापाने मुलाला असं बसल्या खुर्चीत मारलं.

ठकीला यातलं काही माहीत नाही. तुझं नाव घरात निघत नाही. आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती, तिला आठवत नसणार. त्या सहायकाने उभ्या उभ्या, हातातल्या कागदात बघत, गेल्या म्हणून सांगितलं आणि तुझं डोकं फिरलं, एवढंच मी तिला सांगत आलो. कुणाचंही फिरलं असतं.

दाखला कुठून आणू? तूच सांग.

आबा

१० मे

चि. दादू,

लिहायचा डावा हात सुजला आहे, तरी लिहितो.

परवा दुपारी दवाखान्यात एका म्हातारीला आणलं. बरोबर दोन मुलगे, एक सून. म्हातारीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. बाईंनी आणि डॉक्टरांनी तिला आत घेतलं. छातीला वायरी लावल्या, यंत्र सुरू केलं. ठकीलाही आत बोलावलं, माणूस कमी होतं म्हणून. चौदा हजारवाली त्या दिवशी रजेवर. मी बाकावर होतो.

थोड्या वेळाने म्हातारी गेली. आम्हाला बाहेर कळलं नाही. हे मला ठकीने नंतर सांगितलं. त्या दवाखान्यात एक पद्धत आहे. माणूस गेला की लगेच सांगायचं नाही. बाहेर म्हणायचं, 'प्रयत्न चालू आहेत.' तेवढ्यात डॉक्टर एक्स-रेच्या खोलीतून मागच्या दाराने निघतात, पोलिसांना फोन होतो, मग सांगायचं. तोवर आतल्याने छाती दाबत राहायचं, पडद्याखालून पाय हलताना दिसले पाहिजेत म्हणून.

डॉक्टर ठकीला म्हणाले, "बाहेर सांग, प्रयत्न चालू आहेत," आणि गेले.

ती जाळीच्या दाराशी येऊन तेच म्हणाली. धाकट्या मुलाने विचारलं, "बोलतेय का आई?" ठकी म्हणाली, "प्रयत्न चालू आहेत." सुनेने विचारलं, "पाणी द्यायचं का?" ठकी म्हणाली, "प्रयत्न चालू आहेत." मला तिचा आवाज कळतो. तो आवाज तिचा नव्हता. मी काठी धरून उभा राहिलो.

तिची चूक एकच झाली. आत असताना तिने यंत्राच्या वायरी काढून, पुसून, गुंडाळून खुंटीला लावल्या होत्या. रोजची सवय. कुणी सांगायला लागत नाही, माणूस उठला की ती वायरी गुंडाळते. थोरला मुलगा बाजूच्या गल्लीतून खिडकीशी गेला. त्याने बघितलं की बाई छाती दाबताहेत आणि यंत्र बंद, वायरी खुंटीला. तो आला तो ओरडतच आला, "मेलीये! कधीचीच मेलीये! नाटकं करतायत!"

धाकट्याने जाळी एका हिसक्यात उघडली. दारात ठकी. त्याने तिला केसांना धरून फिरवलं आणि डोकं चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. मला तो आवाज अजून जेवताना ऐकू येतो. वखारीत ओला ओंडका फरशीवर पडला की तसा येतो. थोरल्याने वजनाचा काटा उचलून औषधांच्या कपाटावर घातला, काचा सगळ्या बाकांवर उडाल्या. बाई एक्स-रेच्या खोलीत पळाल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. ठकी खाली पडली होती. थोरल्याने चाकांचं लोखंडी स्टूल डोक्यावर धरलं आणि तिच्यावर टाकलं. तिने कूस वळवली म्हणून डोकं वाचलं. खांद्याजवळचं हाड मोडलं. ती ओरडली नाही. नुसती म्हणत होती, "गेल्या हो, गेल्या. मी सांगायला हवं होतं. गेल्या."

मी काठी मारली. ती कुणाला लागली मला माहीत नाही. ती हातातून गेली. मग धाकटा परत तिच्याकडे वाकला, तेव्हा मी त्याच्या मनगटाला चावलो. हसू नकोस. माझ्या तोंडात पुढचे चारच दात उरलेत, पण ते मी हाडापर्यंत रोवले. त्याने दुसऱ्या हाताने माझ्या कानाखाली, मानेवर, डोळ्यावर बुक्के घातले, मी सोडलं नाही. तोंडात रक्त आलं, ते त्याचं की माझं कळेना. आणि मग मला कळलं की तो मारायचा थांबलाय. मनगट माझ्या तोंडात, आणि तो रडत होता. "आई, आई गं," असं लहान पोरासारखं म्हणत होता. त्याच्या काखेतल्या घामाचा वास, तुझ्यासारखा. मी डोळे मिटले तर तूच होतास.

मग लोक आले, पोलीस आले.

ठकीच्या भुवईवर टाके आहेत. हात गळ्यात बांधलाय. मोठ्या इस्पितळात आहे, धोका नाही असं म्हणतात. पण म्हणायचं काय, ते 'प्रयत्न चालू आहेत' पण म्हणतात.

ते दोघे कोठडीत आहेत. मी जबाब द्यायला गेलो, तेव्हा धाकट्याने गजांतून हात बाहेर काढून मला पट्टी दाखवली. म्हणाला, "म्हाताऱ्या, कुत्र्याची इंजेक्शनं घ्यायला लागली मला." तिथला हवालदारही हसला. मी हसलो नाही. आणि खरं सांगू, मला त्याचा रागही येईना. राग आला असता तर बरं झालं असतं.

आता तू संमती पाठवू नकोस. पोरगी जिवंत राहू दे, पदवी गेली खड्ड्यात.

आबा

१९ मे

चि. दादूस आशीर्वाद.

मागच्या पत्राचा शेवट वाचू नकोस. वाचला असशील तर विसर. आता जे लिहितो ते धर.

इस्पितळात ठकीला बघायला संस्थेचे मास्तर आले. तिचा अर्ज त्यांच्याकडे होता, वर्तमानपत्रात बातमी वाचली म्हणून आले. मी त्यांना दारात बघितलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर सटकलो. पण खाट दारापाशीच होती, ऐकू येत होतं. ते तिला म्हणाले, "वडील असते तर आज तुला जोर आला असता. पण आजोबा खंबीर आहेत."

ठकी म्हणाली, "असते म्हणजे? आहेत की."

मास्तरांनी दाराकडे बघितलं. मग ठकीने हाक मारली, "आबा, इकडे या."

मी गेलो. तांब्या रिकामाच होता.

"माझे बाबा कधी वारले?"

"वारले म्हणजे... तसं नाही गं."

"मग कसं?"

मी सगळं सांगितलं. निम्म्या फीचंही सांगितलं. ती माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती, दुसरा सुजून मिटला होता. आणि म्हणाली, "आपण दोघं सारखेच, आबा. मी मेलेल्या बाईला जिवंत ठेवलं, तुम्ही जिवंत माणसाला मारलंत. मला त्याबद्दल टाके पडले. तुमचं काय करायचं?"

मी मास्तरांपुढे हात जोडले. म्हटलं, मला काय हवं ते बोला, पोरीचं नाव खोडू नका. तिला यातलं काही माहीत नाही.

मास्तर म्हणाले, "मी तुम्हाला पहिल्याच दिवशी ओळखलं. तुम्ही कोर्टात रोज पहिल्या बाकावर बसायचात. दरड कोसळली म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं. घरी गेलो आणि बरं वाटल्याची लाज वाटली. म्हणून दाखला मागायला परत फोन केला नाही."

मग मी माझं तेच जुनं म्हणायला गेलो, की तुम्हीही उभ्या उभ्या सांगितलंत, त्याचं डोकं फिरलं. तेव्हा ठकीने मला अडवलं.

"आबा, ते उभे नव्हते. ते खाली बसले होते. माझ्यासमोर, उकिडवे. मी तुमच्या मांडीवर होते. त्यांनी माझ्या बुटाचा बंद बांधला आणि मग म्हणाले, 'तुझी आई वारली, बाळा. आत्ताच वारली. मी तिच्याजवळ होतो.' आधी मला सांगितलं, मग बाबांकडे बघितलं. ते खाली बसलेले असतानाच बाबांनी मारलं."

मी म्हटलं, "तुला कसं आठवेल? मी तुझ्या डोळ्यांवर हात ठेवला होता."

"कुठला हात?"

मी माझ्या हाताकडे बघितलं. घाईत मी उजवा ठेवला होता, वखारीतला. मधली दोन बोटं नाहीत त्यात. पोरीने त्या फटीतून सगळं बघितलं, दादू. आणि बारा वर्षं गप्प बसली. डोळे मी फक्त माझेच मिटले होते.

मला वाटलं ती आता रडेल. ती म्हणाली, "म्हणून मला हे शिकायचंय. आई गेल्याचं दुसऱ्या कुणी तसं सांगितलं नसतं."

मी मास्तरांना विचारलं, पदवी घेतली की ही चार पावलं आत तरी राहील ना? ते म्हणाले, "कुणी सांगितलं तुम्हाला? त्या दवाखान्यात पळपुटेपणाची पद्धत आहे. आम्ही उलटं शिकवतो. पदवीवाल्यानेच बाहेर जायचं, पहिल्याच वाक्यात मृत्यू सांगायचा, खाली बसून सांगायचा. आणि मार बसू शकतो हे धरून जायचं." म्हणजे सात वर्षं आणि चार लाख देऊन मी पोरीला दाराबाहेरच उभं करणार. बघ हा हिशेब. कुठल्या शाळेत असा हिशेब असेल का? तरी काल मी बँकेत जाऊन बोटांची ठेव मोडली. का मोडली ते मला विचारू नकोस. तिचा तो एक उघडा डोळा माझ्याकडे बघत होता म्हणून.

आता मास्तरांचं म्हणणं. निम्मी फी नाही, माझी सही चालणार नाही. तुझीच संमती पाहिजे, तुझ्या हाताची. महिनाअखेरपर्यंत ते जागा धरून ठेवतील. आणि संमतीच्या खाली त्यांना एक ओळ जास्त हवी आहे. तू कशाने मारलंस?

मला आधी कळलंच नाही. ते म्हणाले, "हिला सांगून मी नुकताच मान वर करत होतो. मला काहीच दिसलं नाही. कोर्टात कुणी म्हणालं सलाईनचा खांब, कुणी म्हणालं खुर्ची, कुणी नुसता हात. हत्यार सापडलं नाही, निकालात 'कठीण वस्तू' लिहिलं. तुमचा मुलगा शेवटपर्यंत बोलला नाही. मी दर वर्षी मुलांना शिकवतो की निरोप सांगायच्या आधी आजूबाजूला हाताशी काय काय आहे ते बघून घ्या. दर वर्षी एक तरी मूल विचारतं, 'सर, तुम्हाला कशाने मारलं?' मी शिकवणारा माणूस, मला सांगता येत नाही."

मी म्हटलं, ठकीने बघितलं आहे ना, ती सांगेल. ते तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "नाही सर. मी सांगितलं तर ती माझी आठवण झाली. त्यांना लिहू दे. मला बघायचंय काय लिहितात ते."

दादू, मला खरंच माहीत नाही तू काय उचललं होतंस. मी इतकी वर्षं विचारलं नाही, आताही विचारत नाही. पण तू सलाईनचा खांब लिहिलास आणि दुसरंच काही असलं, तर ती वाचेल आणि कागद बाजूला ठेवेल. मग सही असली काय, नसली काय. तिच्याजवळ उत्तर आहे. ती फक्त पडताळणार आहे. तू लाजेने लहानशी वस्तू लिहू नकोस, आणि अंगात आलेल्यासारखी मोठीही लिहू नकोस. जे होतं ते.

काल तिला घरी आणलं. एका हाताने वेणी घालता येत नाही म्हणून माझ्याकडून घालून घेते आणि वर म्हणते, "आबा, ही वेणी आहे की दोरखंड?" टपालवाला गल्लीत आला की ती खिडकीशी जात नाही. पण बोलणं थांबवते.

महिनाअखेर जवळ आली आहे, आणि तुझ्या वसाहतीचं टपाल किती दिवस घेतं मला माहीत नाही. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी लिही. कागद नसेल तर याच्याच मागच्या बाजूला लिही, मी ती बाजू कोरी ठेवली आहे. यायचं असेल तर ये, दाराला कडी मी आतून लावत नाही. पण येणं जमणार नसेल तर निदान ती ओळ पाठव. लवकर पाठव, बाबा.

आबा